खाडी, मिठागर आणि खानेसुमारी

उल्हास नदी जेथे वसईची खाडी होऊन पश्चिम समुद्रास मिळते, तेथे साष्टी बेटाच्या उत्तर टोकावर भाईंदर, नवघर, मिरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, डोंगरी आणि उत्तन ही गावे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात निरनिराळे मौजे म्हणून नोंदली गेलेली ही गावे मिळून पुढे आठ लाखांहून अधिक वस्तीचे मिरा-भाईंदर हे एक शहर होईल, असे शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा मामलेदारास सांगितले असते, तर त्याला ते खरे वाटले नसते. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस खाडी आणि पश्चिमेस समुद्र अशा तीन बाजूंनी बांधला गेलेला हा सुमारे ७९ चौरस किलोमीटरांचा मुलूख. त्याची मोकळी बाजू तेवढी दक्षिणेची, आणि त्या बाजूस मुंबई. या भूमीच्या गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बहुतांशी त्या एका उघड्या बाजूचा इतिहास आहे, असे मला वाटते.

राजवटी आल्या आणि गेल्या. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, वसईच्या मोहिमेत डोंगरीजवळच्या धारावीच्या किल्ल्यासाठी मोठी झुंज झाली, आणि १७७४ साली हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. परंतु येथील माणसाचे जीवन ठरविले ते राजाने नव्हे, बांधाने. सखल खाजणात भरतीचे पाणी कोठवर येऊ द्यावयाचे आणि कोठे अडवावयाचे, यावर भाताचे शेत आणि मिठाचे आगर यांची सरहद्द ठरत असे, आणि दोन्ही बाजूंना राबणारी माणसे बहुधा एकाच आगरी घरातील असत. मिठागराचे काम पाहण्यासारखे असते. उधाणाचे पाणी बांधातील उघाडीतून मोठ्या तळ्यात घ्यावयाचे, तेथून ते एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत फिरवीत उन्हाने दाट करावयाचे, आणि अखेर पायांनी तुडवून टणक केलेल्या चौकोनी वाफ्यांत सोडावयाचे. मग काही दिवसांनी तळाशी बसलेले पांढरे दाणे लांब दांड्याच्या फळीने काठाकडे ओढून त्यांचे ढीग करावयाचे. पहिल्या पावसाबरोबर हा सारा व्यवहार मिटे आणि तीच माणसे भातलावणीस लागत.

१८६४ साली मुंबईहून गुजरातेकडे जाणारी आगगाडी खाडी ओलांडून धावू लागली, १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत गेली, तरीही गावे गावेच राहिली. निर्णायक घटना घडली ती कागदावर. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढविण्यात आली आणि ती दहिसरला येऊन थांबली. त्या रेषेच्या अलीकडे महानगराची पालिका, तिचे पाणी आणि तिचे कायदे. पलीकडे ग्रामपंचायती, स्वस्त जमीन आणि पाण्याची टंचाई. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले अशा हजारो कुटुंबांना ही पलीकडची बाजूच परवडणारी होती. आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मध्य मुंबईतील पुष्कळ मुसलमान कुटुंबेही येथील मिरा रोडला आली, हेही या लोकसंख्येच्या इतिहासाचे एक दुःखद प्रकरण आहे.

१२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन, वर्सावे ही गावे तिला १९९० साली जोडली गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. या काळातील खानेसुमारीचे आकडे असे, की १९९१ साली सुमारे १ लाख ७५ हजार असलेली वस्ती २००१ साली ५ लाख २० हजारांवर आणि २०११ साली ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत वस्ती जवळजवळ तिप्पट व्हावी, आणि तीही जिला तीन बाजूंनी सरकावयास जागा नाही अशा भूमीवर, याचा अर्थ ज्या खाजणांत उधाण पसरत असे त्यांच्यावर भराव पडला, एवढाच होतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पाणी घरांत शिरले तेव्हा अनेकांनी आभाळास दोष दिला. माझ्या मते दोष त्या भरावाचा अधिक होता. पिण्याच्या पाण्याची कथा तर विलक्षण आहे: ज्या उल्हास नदीच्या मुखाशी हे शहर बसले, तिचेच गोडे पाणी त्याला वरच्या अंगाला शहाड-टेमघरहून नळाने आणावे लागले.

पश्चिमेकडे उत्तनच्या किनाऱ्यावर मात्र जुना भूगोल अद्याप जिवंत आहे. पावसाळा सरला की डोल नावाच्या जाळ्यांत सापडलेले बोंबील दोन-दोन करून जबड्यात जबडा अडकवून बांबूंच्या मांडवांवरील दोऱ्यांवर टांगले जातात; ख्रिस्ती कोळणी पहाटेपासून हे काम करतात आणि त्यांची बोली आपल्या मराठीचीच एक शाखा आहे. याच किनाऱ्याच्या पाठीस, डोंगराच्या अंगावर, साऱ्या शहराचा कचरा येऊन पडतो, आणि ग्रामस्थांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार केली आहे. मतांच्या संख्येत थोडे असणाऱ्यांच्या अंगणात इतरांचा कचरा टाकणे हा उघड अन्याय आहे, असे मी म्हणेन.

२०२१ साली व्हावयाची खानेसुमारी लांबली. ती जेव्हा होईल, तेव्हा साऱ्या शहराचा एकच अवाढव्य आकडा छापून काम भागणार नाही. उत्तन, राई, मुर्धे, चेणे, काशी या गावठाणांची माणसे निराळी मोजली जावीत, त्यांत किती घरे अजून मासेमारीवर, किती शेतावर आणि किती मिठागरावर जगतात हे नोंदले जावे. उरलेल्या मिठागरांवरून रस्ते आणि इमारती नेण्याच्या योजना पुढे येत असताना, बांध कोठे राखावा आणि उघाडी कोठे मोकळी ठेवावी हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे किती उरली आहेत, हे निदान सरकारच्या दप्तरी असावयास हवे.