निनावी, अनामिक, बेनामी

समानार्थी शब्दांच्या यादीत कमळापुढे पंकज, नीरज, अंबुज, सरोज, राजीव अशी रांग लागलेली असते. शाळकरी मुले ती घोकतात, भरतीच्या परीक्षांना बसणारे उमेदवारही घोकतात. खरे तर तिच्यात घोकण्याजोगे फार थोडे आहे. जल, नीर, अंबु, वारि, तोय हे सगळे पाणीच, एवढे एकदा ठाऊक झाले आणि शब्दाच्या शेवटी ‘ज’ असला की ‘त्यात जन्मलेले’, ‘द’ असला की ‘ते देणारा’, ‘धी’ असला की ‘ते साठवणारा’ हे कळले, की पाच आणि तीन अशा आठ तुकड्यांतून पंधरा शब्द उभे राहतात. जलजपासून तोयजपर्यंत सारी कमळे, जलदपासून तोयदपर्यंत सारे ढग, जलधीपासून तोयधीपर्यंत सारे समुद्र. ‘वारिद’ हा शब्द ज्याने कधी पाहिलेला नाही, त्यालाही तो ढग असणार हे सांगता येते. सरोज फोडला की ‘सरस्’ म्हणजे तळे हाती लागते. राजीव मात्र असा सहज फुटत नाही. तो लक्षातच ठेवावा लागतो. शब्द फोडून अर्थाकडे जाण्याची ही रीत मुलांना शिकवलीच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण आपण तिच्याकडून समानार्थी शब्द मागतो. तिची खरी ताकद दुसरीकडे आहे: सारखे वाटणारे शब्द कुठे वेगळे होतात हे ती दाखवते.

हे मागणे आपल्याकडे आले कुठून, हे पाहण्यासारखे आहे. पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या अमरकोश पाठ करून घेतला जाई. अमरसिंहाच्या या ग्रंथाचे दुसरे नाव ‘नामलिंगानुशासन’. म्हणजे तो नामांचा कोश आहे, आणि त्याची रचना वर्णानुक्रमाने नसून विषयांच्या वर्गांनुसार आहे. पाण्याशी निगडित शब्द वारिवर्गात एकत्र सापडतात. तो पद्यात आहे आणि पद्य लिहिणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. मात्रा आणि गण सांभाळणाऱ्या कवीला एकाच ढगासाठी वेगवेगळ्या वजनाचे शब्द हाताशी लागतात. ‘जलद’ म्हणजे तीन लघू, ‘नीरद’ म्हणजे एक गुरू आणि दोन लघू, ‘पयोद’ म्हणजे लघू, गुरू, लघू. मोरोपंतांसारख्या आर्या रचणाऱ्या कवीला असा साठा नसता तर ओळ पुरी करणे अवघड गेले असते. तिथे जलद काढून नीरद ठेवला तरी आकाशातला ढग तोच राहतो, कारण ही सारी एका वस्तूची नावे आहेत. वस्तूंच्या नावांपुरते, आणि तेही पद्यात, बरोबरीचे चिन्ह बऱ्याच अंशी खरे ठरते. गोंधळ सुरू होतो तो तेच चिन्ह उचलून क्रियांच्या, भावांच्या आणि व्यवहाराच्या शब्दांमध्ये ठेवले की.

‘हृ’ हा धातू घ्या. मूळ अर्थ नेणे, हरण करणे. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार ही त्याची जुनी उदाहरणे प्रत्येक व्याकरणशिक्षक फळ्यावर लिहितो, आणि उपसर्ग धातूचा अर्थ कसा बळेच दुसरीकडे ओढून नेतो हे त्यातून दाखवतो. पण याच कुळातले दोन शब्द जवळजवळ ठेवले तर त्याहून बारीक गोष्ट दिसते. अपहार आणि अपहरण. दोन्हींत उपसर्ग ‘अप’, दोन्हींत धातू ‘हृ’. फरक केवळ शेवटच्या प्रत्ययाचा. फोडीच्या हिशेबाने दोन्हींचा अर्थ एकच, दुसऱ्याचे पळवून नेणे. मराठी वर्तमानपत्रात मात्र पतसंस्थेच्या निधीचा अपहार होतो आणि व्यापाऱ्याच्या मुलाचे अपहरण होते. उलट करून पाहा. वाक्य तिथेच अडते. अपहारात पैसा ज्याच्या ताब्यात विश्वासाने दिला होता त्यानेच तो गिळलेला असतो, अपहरणात माणूस बळाने उचललेला असतो. अपमान आणि अवमान यांचेही तसेच. ‘अप’ म्हणजे दूर, ‘अव’ म्हणजे खाली, एवढा फरक उपसर्गांत आहे. पण अपमान माणसाचा होतो आणि अवमान न्यायालयाचा, ही वाटणी कायद्याच्या भाषेने आणि वापराने केली. दोन्ही शब्दांना ‘समानार्थी’ म्हणून मोकळे होणाऱ्या मुलाला या वाटणीचा पत्ताच लागत नाही.

मराठीचे भाग्य असे की तिच्याजवळ उपसर्गांचे एकच घराणे नाही. ‘विना’ हा अर्थ सांगायला तिच्याकडे संस्कृतातून आलेले अ, अन्, निर् आहेत, फारसी-अरबीतून आलेले बे, ना, गैर आहेत, आणि रोजच्या बोलण्यात मुरलेले नि, बिन आहेत. म्हणून एकाच कल्पनेची तीन रूपे शेजारी ठेवून पाहता येतात. नाव नसलेले, एवढाच अर्थ तीन प्रकारे बांधला की निनावी, अनामिक आणि बेनामी हे शब्द मिळतात. पत्र निनावी असते. ते लिहिणाऱ्याने नाव मुद्दाम लपवलेले असते. हुरहूर किंवा भीती अनामिक असते. तिथे कोणी काही लपवलेले नाही, त्या भावनेला द्यायला नावच सापडत नाही. आणि मालमत्ता बेनामी असते, म्हणजे तिला नाव असतेच, फक्त ते पैसा मोजणाऱ्याचे नसते. हा तिसरा अर्थ तर असा पक्का झाला की १९८८ च्या कायद्याच्या नावातच तो शब्द बसला. या तिघांना एका ओळीत स्वल्पविराम देऊन बसवणे म्हणजे मराठीने केलेले काम पुसून टाकणे आहे, असे मला वाटते.

याहूनही सुंदर उदाहरण ‘प्रतिशब्द’ या शब्दातच दडलेले आहे. ‘शब्द’चे प्राकृतात ‘सद्द’ झाले आणि त्यातून मराठीला ‘साद’ मिळाली. ‘प्रति’चे प्राकृतात ‘पडि’ झाले आणि मराठीत ‘पड’. पडछाया, पडजीभ यांतला पड तो हाच. आता प्रतिशब्द, प्रतिसाद आणि पडसाद हे तीन शब्द फोडा. तिन्हींत तीच दोन माणसे आहेत: पहिल्यात दोघे संस्कृत वेशात, तिसऱ्यात दोघे मराठी वेशात, मधल्यात एक संस्कृत आणि एक मराठी. तरीही प्रतिशब्द कोशात शोधतात, प्रतिसाद श्रोत्यांकडून मिळतो आणि एखाद्या घटनेचे पडसाद विधानसभेत उमटतात. प्रतिसाद देणारा कोणीतरी असावा लागतो. पडसाद आपोआप उमटतात, कधी नको असतानाही. घटक शंभर टक्के समान असूनही शब्द अदलाबदल करता येत नाहीत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

मग घटकांतून अर्थ ठरतच नसेल तर फोड कशाला करायची, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. यास्काच्या निरुक्तात शाकटायन म्हणतो की सर्व नामे धातूंपासून झाली. गार्ग्य ते मानत नाही. गार्ग्य विचारतो, अश्व हा शब्द वाट व्यापण्यावरून आला असेल तर जो जो वाट व्यापतो त्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाहीत? टोचते म्हणून तृण, तर टोचणारे सगळेच तृण का नव्हे? यास्काचे उत्तर असे की एकच काम करणारे अनेक असतात, पण त्या कामावरून नाव काहींनाच पडते. लाकूड तासणारा प्रत्येक जण तक्षा म्हणवला जात नाही. पुढे नैयायिकांनी याच जागी ‘योगरूढ’ ही कल्पना नीट बसवली आणि तिचे ठरीव उदाहरण म्हणून पंकज निवडला. चिखलात कितीतरी गोष्टी जन्मतात, पण पंकज एकच. याचा अर्थ फोड खोटी आहे असा होत नाही. फोड अर्थाची दिशा सांगते आणि त्या दिशेला नेमके कुठे थांबायचे ते रूढी ठरवते. दिशा न कळता मुक्काम पाठ करणे आणि दिशा कळली म्हणून मुक्काम गृहीत धरणे, दोन्ही सारखेच अपुरे.

दुसरा आक्षेप चुकीच्या फोडीचा, आणि तो वर्गात रोज समोर येतो. दुर्गुण, दुर्दैव यांच्या ओळखीवर मुलगा ‘दुर्बीण’मध्ये ‘दुर्’ उपसर्ग शोधतो. तो शब्द फारसी आहे, दूर आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारे. रेल्वे स्थानकावरची ‘जलद’ लोकल पाणी देणारी नसते. तो जलद ‘जल्दी’च्या घरातला. अनिल म्हणजे वारा, तो ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूचा. त्यातला ‘अ’ नकाराचा नाही. या चुका खऱ्या आहेत, पण त्या फोड करण्याने होत नाहीत, एकच तुकडा पाहून थांबल्याने होतात. पुढचा तुकडा काढल्यावर उरलेला भाग स्वतंत्रपणे कुठे भेटतो का, त्याला आणखी भावंडे आहेत का, हे विचारले की दुर्बिणीतली ‘बीण’ लगेच संशयास्पद ठरते. आणि भाषेचा इतिहास तर चुकीच्या फोडीलाही जागा देतो. असुर हा शब्द आधीचा. त्यातला ‘अ’ नकारार्थी समजून लोकांनी मागाहून ‘सुर’ घडवला. ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्दही ‘विधवा’चा ‘वि’ वेगळा काढून घडला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, कारण विधवेची सख्खी बहीण लॅटिनमध्ये आहे आणि तिच्यात असला उपसर्ग नाही. शब्द फोडून पाहणे ही पंडितांनी भाषेवर लादलेली सवय असती तर असे घडले नसते. बोलणारे लोक स्वतःच शब्द फोडत आले आहेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो: ही रीत तत्सम शब्दांनाच लाभते, म्हणून ज्या घरांत संस्कृताचा वारा नाही त्या मुलांना ती परकी पडते. झाड, डोंगर, पोट हे शब्द मुलांपुढे ठेवून फोडायला सांगण्यात काहीच अर्थ नाही, हे मान्य. पण बिनचूक, बेभरवशाचा, निलाजरा, गैरव्यवहार हे शब्द ज्या मुलाच्या तोंडी आहेत त्याला उपसर्ग येतातच. कोणी त्याला ते दाखवलेले नसतात एवढेच. गैरव्यवहारात अरबी ‘गैर’ संस्कृत ‘व्यवहारा’ला बिनबोभाट जोडला गेला आहे. अपमानाला मराठीत ‘पाणउतारा’ म्हणतात. त्यात पाणी म्हणजे तेज आणि ते उतरवणे, हे त्या मुलाला संस्कृत न शिकता फोडता येते, आणि चारचौघांत केलेल्या अपमानालाच हा शब्द का शोभतो हेही त्याच फोडीतून समजते. वारिद आणि तोयधीपासून सुरुवात करण्याऐवजी इथून सुरुवात केली तर ही रीत कोणालाच परकी राहणार नाही.

बदल करायचा तर प्रश्नपत्रिकेत करावा लागेल, कारण वर्गातले शिकवणे तिच्या मागून चालते. ‘निनावी’ला समानार्थी शब्द चार पर्यायांतून निवडा, असे विचारू नये. तीन वाक्ये द्यावीत, एक पत्राचे, एक भीतीचे, एक जमिनीच्या खरेदीचे, प्रत्येकात एक जागा मोकळी ठेवावी आणि तीन शब्द समोर मांडावेत. जागा भरल्यावर त्या वाक्यात नाव कोणी लपवले, कोणाला सापडले नाही, कोणाचे वापरले, ते एका ओळीत लिहायला सांगावे. तयारीसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश वर्गाच्या टेबलावर असावा. १९३२ पासून निघालेल्या त्याच्या खंडांत अर्थापाशी वापराची उदाहरणेही दिलेली आहेत, आणि मुलाने फोडीवरून बांधलेला अंदाज तिथे लगेच पडताळून घेता येतो.