माळरानावरचा कमरपट्टा

सोलापूरच्या उत्तरेस नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं घोषित झालेल्या अभयारण्याचा हा भाग. येथें राबणाऱ्या वनरक्षकाच्या किंवा पक्षी-अभ्यासकाच्या कमरेला हत्यारांचा पट्टा असतो. टेप, पक्कड, चाकू, खुरपें, टिपणवही व पेन्सिल एवढाच त्याचा संसार. त्या पट्ट्याची निवड ती काय करावयाची, असें नागर श्रोत्यांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु माळढोकाची मादी बहुधा एकच अंडें घालते आणि तेंही उघड्या जमिनीवर. जवळच बकल खणखणलें कीं ती उठून जाण्याचा संभव. अंडें उघडें पडलें म्हणजे कावळ्याचें फावतें. या पक्ष्याचें दर्शन तेथें आतां इतकें दुर्मिळ झालें आहे कीं, त्या एका अंड्याचें मोल करणें कठीण.

तेव्हां पट्टा पारखावयाचा तो आधीं कानानें. हत्यारें अडकवून दुकानांतच चार पावलें चालावें, उकिडवें बसून पाहावें. जें वाजेल तें नको. ओढतांच चर्रकन् आवाज करणाऱ्या वेल्क्रोच्या झांकणापेक्षां साधी गुंडी बरी.

कापडी पट्टा हलका व स्वस्त खरा. पण कुसळी गवताचीं कुसळें त्यांत रुततात आणि संध्याकाळीं तीं वेंचीत बसण्याचा उद्योग मागें लागतो. चामड्यावर कुसळ टिकत नाहीं, म्हणून कौल चामड्यालाच द्यावा. तें बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालींत कमावलेलें असावें. हा तरवड सोलापूरच्या माळांवर पिवळा फुलून उभा असतो. शहरकर त्याच्याकडे ढुंकूनही पाहात नाहींत! रुंदी सुमारें दोन इंच असावी. त्याहून अरुंद पट्टा ओझ्यानें कमरेंत रुततो. वजन दोन्ही कुशींवर सारखें वांटावें, मणक्यावर कांहींच नको. दुर्बीण पट्ट्याला टांगूं नये. तिची जागा छातीवर.

सोलापुरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. घामाचें मीठ चामड्यांत मुरतें व तें कोरडें पडतें. यासाठीं रोज ओलसर फडक्यानें पुसून पट्टा सावलींत वाळवावा. उन्हांत किंवा चुलीपाशीं वाळविल्यास तो घडीवर तडकतो. महिन्यांतून एकदां एरंडेलाचा पातळ हात द्यावा. पूर्वी मोटेच्या चामड्यास तेल देत, तोच हा न्याय. मात्र तेल फार झालें तर चामडें लुळें पडून भोकें ताणतात. पितळी रिबिटांभोवतीं हिरवा थर येतो, तो कोरड्या फडक्यानें काढावा. लोखंडी बकल ओल्या चामड्यास लागून राहिलें तर काळा डाग पडतो. हिरडा व हिराकस यांची शाई जुने लोक करीत, तिच्यांत घडे तीच क्रिया येथें घडते. डाग मग निघत नाहीं.

पावसाळ्यापूर्वी शिवण उजेडांत धरून पाहावी. एक टांका उसवला कीं खिसा लोंबतो आणि चाकू गवतांत पडतो. पुढें तो सांपडतो एखाद्या मेंढीच्या खुराला. मोच्याकडून मेण लावलेल्या दोऱ्याचा दुहेरी टांका वेळींच घालून घ्यावा.