फाटकापाशी थांबणारी खाकी

दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनवर दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसपासून सरोजिनी नगर तिसरं स्थानक. दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमधलं कॉलेज सुटलं की स्वस्त कुर्ते, जीन्स आणि कानातल्यांसाठी मुलींचे घोळके या बाजाराकडे निघतात. एवढ्याशा वाटेत त्या चार वेगवेगळ्या पहाऱ्यांमधून जातात. कॉलेजच्या फाटकावर खाजगी एजन्सीचा गार्ड, बाहेर पडलं की साउथ कॅम्पस ठाण्याची हद्द, मेट्रोत सीआयएसएफचे जवान आणि बाजारात सरोजिनी नगर ठाणं.

या चौघांत सर्वांत दुबळा गार्डच. अमेरिकेत विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात. येल विद्यापीठात 1894 साली शहर पोलिसांतले दोन शिपाई नेमले, तिथून ही प्रथा वाढली. आज तिथल्या अनेक कॅम्पसमधले पोलीस शपथ घेतलेले असतात, अटक करतात, पिस्तूल बाळगतात आणि शहर पोलिसांशी लेखी करार करून कामं वाटून घेतात. आपल्याकडे कॅम्पस पोलीस नावाचं दलच नाही. आपल्या गार्डवर 2005 चा खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा लागू होतो, आणि हा कायदा बजावतो काय, तर पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घालायचा नाही. घातला तर शिक्षा. अटकेचा त्याचा अधिकार तुमच्या-माझ्याइतकाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. सीआयएसएफच्या जवानाला त्याच्या कायद्याने यापेक्षा जास्त अधिकार दिले आहेत, पण पकडलेला माणूस त्यालाही ठाण्यातच सोपवावा लागतो. मेट्रोसाठी दिल्ली पोलिसांची वेगळी ठाणी आहेत. म्हणजे सगळे रस्ते अखेर दिल्ली पोलिसांकडे, आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात.

तेव्हा आपल्याकडे सहकार्य म्हणजे मुख्यतः सोपवासोपवी. गार्ड सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर प्रॉक्टरला, प्रॉक्टर ठाणेप्रमुखांना, म्हणजे एसएचओंना, फोन करतात. दोघांची ओळख चांगली असेल तर गाडी दहा मिनिटांत येते, नसेल तर ‘लेखी अर्ज द्या’. कायद्याने हा फोन जिथे सक्तीचा केला, ती जागा रॅगिंगची. राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांनुसार दखलपात्र रॅगिंगची माहिती मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत एफआयआर दाखल करायचा असतो. प्रकरण आतल्या आत मिटवणाऱ्या प्राचार्यांना हा नियम आवडत नाही, आणि त्यासाठीच तो हवा होता.

कॅम्पसबाहेर गोष्ट निराळी. 29 ऑक्टोबर 2005 ला, दिवाळीच्या तोंडावर, सरोजिनी नगर, पहाडगंज आणि गोविंदपुरीत स्फोट झाले. साठहून अधिक माणसं गेली, त्यातली सर्वाधिक सरोजिनी नगरच्या बाजारात. तपास दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने केला. बाजारात पोलीस शिरले तर परवानगीचा प्रश्न कुणी काढत नाही, विद्यापीठात तो पहिलाच निघतो.

याच शहरात तीन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी पाहा. 15 डिसेंबर 2019 ला दिल्ली पोलीस जामिया मिलिया इस्लामियात, थेट वाचनालयात शिरले. परवानगी नव्हती, असं मुख्य प्रॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं. 5 जानेवारी 2020 ला जेएनयूत तोंडं झाकलेला जमाव काठ्या घेऊन वसतिगृहांत मारहाण करत होता. पोलीस कंट्रोल रूमला दुपारपासून फोन जात होते. प्रशासनाचं लेखी पत्र रात्री पावणेआठच्या सुमारास मिळालं, असं पोलिसांचं म्हणणं. तोवर मोठा फौजफाटा फाटकाबाहेर उभा. गुन्हा घडत असताना आत जायला कुलगुरूंची परवानगी लागते असं फौजदारी कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो केवळ संकेत आहे. विद्यापीठाला मोकळेपणी वाद घालता यावा म्हणून तो असावा, हे मला मान्य आहे. पण एकदा तो धाब्यावर बसवायचा आणि एकदा त्याच्या आडोशाला उभं राहायचं, हे मान्य नाही.

2015 मध्ये यूजीसीने कॅम्पसमध्येच विद्यापीठ पोलीस ठाणं उभारण्याची सूचना केली, तेव्हा विद्यार्थिनींनी विरोध केला. सुरक्षेच्या नावाखाली वसतिगृहाची कुलुपं आधीच लवकर लागत होती, त्यात आता ठाणंही? त्यांचं बरोबर होतं. ठाण्यापेक्षा स्वस्त असं एक काम आहे: पोलिसांना कोण, कधी, कोणत्या प्रसंगी बोलावणार आणि कधी ते न बोलावताही येणार, हे कॉलेज आणि ठाणं दोघांच्या सहीने एका पानावर लिहून ते फाटकावरच्या गार्डच्या हाती देणं. अमेरिकेत असे करार आहेत की नाहीत, हे जाहीर करणं 1990 च्या क्लेरी कायद्याच्या कक्षेत येतं. आपल्याकडे गार्डच्या टेबलावर भेट देणाऱ्यांची वही असते, आणि भिंतीवर एसएचओंचा मोबाइल नंबर, तोही बहुधा आधीच्या एसएचओंचा.