एक्सप्लेनर : मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झालाच नसता तर? फक्त ८ जागांचा खेळ आणि रत्नागिरीचं नातं

आकाराने रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम एक चतुर्थांश असलेला मॉरिशस. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येते. हा देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. आज वाटतं, हे होणारच होतं. पण त्याच्या सातच महिने आधी तिथल्या सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाला मत दिलं होतं. निकाल उलटा लागला असता तर? समजून घेऊया.

रत्नागिरीचा संबंध काय?

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ब्रिटिशांनी भारतातून करारावर माणसं नेली. हेच गिरमिटिये. जवळपास पाच लाख लोक पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे, पण मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत कोकणातली माणसंही होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता. आज तिथला मराठी समाज संख्येने लहान आहे, पण त्याची वेगळी ओळख टिकून आहे.

मतदान नेमकं कशावर झालं?

मॉरिशसमध्ये सार्वमत झालंच नाही. १९६५ च्या लंडन परिषदेत ठरलं, की आधी निवडणूक होईल आणि नव्या विधिमंडळाने ठराव केला तर स्वातंत्र्य मिळेल. ७ ऑगस्ट १९६७ ला मतदान झालं. एका बाजूला शिवसागर रामगुलाम यांची स्वातंत्र्यवादी आघाडी, दुसऱ्या बाजूला गाएताँ दुवाल यांचा पीएमएसडी पक्ष. दुवाल यांची मागणी होती, अंतर्गत कारभार आमचा, पण ब्रिटनशी नातं कायम. बहुसंख्य हिंदूंचं वर्चस्व होईल, ही भीती क्रिओल आणि इतर अल्पसंख्याकांत होती.

६२ जागांपैकी आघाडीला ३९, पीएमएसडीला २३. म्हणजे ८ जागा फिरल्या असत्या तर ३१-३१ अशी बरोबरी! तणाव इतका होता, की जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं.

समजा, दुवाल जिंकले असते...

अंदाज बांधायला एक खरं उदाहरण आहे. १९६७ मध्येच ब्रिटनने कॅरिबियनमधल्या अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया अशा बेटांना असाच 'सहयोगी' दर्जा दिला. पुढे काय झालं? १९७४ ते १९८३ दरम्यान ती एकेक करून स्वतंत्र झाली. अँग्विला मात्र ब्रिटनकडेच राहिलं. म्हणजे मॉरिशसचं स्वातंत्र्य टळण्यापेक्षा १०-१५ वर्षं लांबण्याची शक्यता जास्त.

ब्रिटनचे दरवाजे तरी उघडे राहिले असते का? कठीणच. मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या ११ दिवस आधी, १ मार्च १९६८ ला, ब्रिटनने केनियातल्या आशियाई लोकांना रोखण्यासाठी कायदा कडक केला होता.

शेजारचं रियुनियन हा दुसरा नमुना. ते १९४६ पासून फ्रान्सचा प्रांत आहे. तिथे युरो चालतो, पॅरिसचा पैसा येतो, पण बेरोजगारी मोठी आहे आणि निर्णय दूरवर होतात.

या १०-१५ वर्षांनी काय फरक पडला असता?

- अर्थव्यवस्था : १९६८ मध्ये निर्यात जवळपास पूर्णपणे साखरेवर होती. १९७० मध्ये सरकारने निर्यात क्षेत्राचा कायदा केला आणि कापड कारखाने उभे राहिले. हा निर्णय लंडनच्या परवानगीवर अडकला असता.
- भारतातली गुंतवणूक : १९८२ चा भारत-मॉरिशस करकरार झाला नसता. अनेक वर्षं भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा मोठा वाटा याच वाटेने आला. २०१६ मध्ये करार बदलला.
- चागोस : ब्रिटनने ही बेटं १९६५ मध्येच मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभा राहिला. त्यासाठी तिथल्या लोकांना हुसकावलं गेलं. मॉरिशस देशच नसता, तर हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेणारं कोण होतं? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिलं आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व सोडण्याच्या करारावर सही केली.

आणि मराठीचं?

१९७० मध्ये भारताच्या सहकार्याने मोका इथे महात्मा गांधी संस्था उभी राहिली. तिथे मराठीसह भारतीय भाषा शिकवल्या जातात. गिरमिटियांच्या नोंदवह्याही तिथेच आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज असा तपशील त्यांत सापडतो. मॉरिशस वसाहतच राहिला असता, तर ही कागदपत्रं लंडनच्या एखाद्या दप्तरात पडून राहण्याची भीती होती.

याचा उपयोग आजही आहे. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची विशेष तरतूद जाहीर केली. त्यासाठी मूळ दाखवावं लागतं. त्या जुन्या वहीत इंग्रज कारकुनाने वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये लिहिलेलं गावाचं नाव कदाचित तुमच्याच तालुक्यातलं असेल.