जपानी शेगडीवरचे विज्ञान

जपानच्या पर्यावरण खात्याने २००१ साली एक गमतीची यादी केली. देशातल्या जपून ठेवण्याजोग्या शंभर वासांची ती यादी आहे. फुलांचे, रानांचे, समुद्राचे वास त्यात आहेत. आणि ओसाका शहरातल्या त्सुरुहाशी या रेल्वे स्थानकाभोवतीचा वासही आहे. हा वास कशाचा? मुख्यतः भाजल्या जाणाऱ्या मांसाचा. स्थानकालगतच्या अरुंद गल्ल्यांत ‘याकिनिकु’ची छोटी छोटी खानावळवजा दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. ‘याकि’ म्हणजे भाजलेले आणि ‘निकु’ म्हणजे मांस.

चला, आपण मनाने अशाच एका दुकानात शिरू. जागा दहाबारा माणसांपुरती. टेबलाच्या मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्यावर जाळी. मालक गोमांसाचे पातळ, घासाएवढे तुकडे बशीत आणून ठेवतो आणि निघून जातो. भाजायचे काम गिऱ्हाइकाने स्वतःच करायचे!

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हे अन्न वर्ज्य असेल. जपानातही ते एके काळी वर्ज्यच होते. सम्राट तेम्मू याने इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातील काही महिन्यांपुरती बंदी घातली. पुढेही शेकडो वर्षे चतुष्पाद प्राण्यांचे मांस सर्वसाधारणपणे निषिद्ध मानले जाई. १८७२ साली सम्राट मेइजी याने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि हवा बदलली. टेबलावर भाजून खाण्याची आजची पद्धत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. जपानमध्ये स्थायिक झालेल्या कोरियन लोकांचा तीत मोठा वाटा आहे. तेव्हा खाणे न खाणे ज्याचे त्याच्यापाशी. आपण पाहू या ते शेगडीवर काय घडते ते.

शेगडी बाहेरून का तापत नाही?

या शेगडीला ‘शिचिरिन’ म्हणतात. आत लालबुंद निखारे असूनही ती लाकडी टेबलावर ठेवता येते. याचे रहस्य तिच्या मातीत आहे. जपानच्या नोतो द्वीपकल्पात या मातीचे मोठे साठे आहेत. डायाटम नावाच्या सूक्ष्म, एकपेशीय शैवालांची कवचे फार प्राचीन काळी पाण्याच्या तळाशी साचत गेली आणि त्यांचे थर बनले. ही कवचे सिलिकाची असून त्यांत असंख्य बारीक छिद्रे असतात. छिद्रांत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. लोकरीचा स्वेटर आपल्याला ऊब देतो तोही याच कारणाने. त्यामुळे उष्णता भिंतीतून बाहेर न जाता वर, जाळीकडे जाते आणि थोड्या कोळशात काम भागते.

ज्वाळा नाही, तरी धग

चांगल्या दुकानात ‘बिंचोतान’ नावाचा कोळसा वापरतात. वाकायामा भागातल्या ओक जातीच्या एका कठीण लाकडापासून तो करतात. भट्टीत लाकूड हळूहळू कोळसवून शेवटी हवा आत सोडतात. तेव्हा तापमान १००० अंश सें.च्या आसपास चढते आणि लाकडात उरलेसुरले उडून जाणारे पदार्थ निघून जातात. मग तापलेला कोळसा बाहेर ओढून ओलसर राख आणि माती यांच्या मिश्रणाखाली विझवतात. उरतो तो बहुतांशी शुद्ध कार्बन. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो.

असा कोळसा पेटला की ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, धूरही फारसा होत नाही. मग मांस भाजते कशाने? मुख्यतः प्रारणाने, म्हणजे निखाऱ्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी. या किरणांचा एक नियम लक्षात घ्या. वस्तूचे केल्व्हिन तापमान दुप्पट झाले, की तिच्यातून बाहेर पडणारे प्रारण दुप्पट होत नाही, ते १६ पट होते. कारण ते तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ५०० केल्व्हिन म्हणजे २२७ अंश सें. आणि १००० केल्व्हिन म्हणजे ७२७ अंश सें. दुसऱ्या तापमानाचा निखारा पहिल्या तापमानाच्या तेवढ्याच पृष्ठभागाच्या सोळापट उष्णता फेकतो!

आणखी एक फरक आहे. स्वयंपाकाचा गॅस जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही तयार होते, कारण त्या वायूत हायड्रोजन असतो. शुद्ध कोळशात हायड्रोजन जवळजवळ नसतो. म्हणून त्याच्यावरून वर जाणारी हवा कोरडी असते. याचा उपयोग पुढे दिसेल.

खरपूस म्हणजे काय?

तुकडा जाळीवर टाकताच ‘चर्र’ असा आवाज होतो. तो पाण्याची वाफ होण्याचा आवाज आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी उडाले की तापमान झपाट्याने चढते. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात वेगाने अभिक्रिया होऊ लागते आणि तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे शेकडो पदार्थ निर्माण होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती ‘मायार अभिक्रिया’ या नावाने ओळखली जाते. तव्यावरच्या भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, पावाची कड, या सर्वांच्या खमंगपणात तिचाच हात आहे. पाण्यात उकडलेला पदार्थ खरपूस का होत नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

जपानी ‘वाग्यू’ जातीच्या गुरांच्या मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा सर्वत्र पसरलेल्या असतात. जपानी लोक त्यांना ‘शिमोफुरि’, म्हणजे पडलेले दहिवर, असे म्हणतात. या चरबीत ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने ती कमी तापमानाला वितळते आणि तोंडात विरघळल्यासारखी वाटते.

धुराची दुसरी बाजू

वितळलेली चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि धूर उठतो. या धुरात कर्करोगाला कारणीभूत होऊ शकणारी काही संयुगे असतात. तोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिले, की भाजलेल्या मासळीच्या करपलेल्या भागातले पदार्थ जीवाणूंच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडवून आणतात. पुढे मांस करपल्यावरही असे पदार्थ तयार होतात असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली गाय, डुक्कर, मेंढी इत्यादींच्या ‘लाल मांसा’चा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. याचा अर्थ एक घास खाल्ला की रोग होतो, असा नाही. पण खरपूस आणि करपलेले यांतली सीमा जिभेइतकीच आरोग्यालाही महत्त्वाची आहे.

दोन वेगळी साधने

प्रत्येक टेबलावर कच्चे मांस उचलायला एक चिमटा असतो आणि खाण्याच्या काड्या वेगळ्या असतात. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. गुरांच्या आतड्यातले काही घातक जीवाणू कापाकापीच्या वेळी मांसाच्या पृष्ठभागावर येतात. कच्च्या तुकड्याला लागलेल्या काड्या तोंडात गेल्या, की भाजण्याचा उपयोग काय? २०११ साली जपानमधील याकिनिकु दुकानांच्या एका साखळीत कच्चे गोमांस खाल्ल्याने अनेकजण आजारी पडले आणि पाचजण दगावले. त्याच वर्षी सरकारने कच्च्या गोमांसाचे नियम कडक केले आणि २०१२ साली गुरांचे यकृत कच्चे विकण्यावर बंदी घातली. तुकड्याच्या मध्यभागी ७५ अंश सें. तापमान किमान एक मिनिट राहावे, असा सल्ला तेथे दिला जातो.

न दिसणारा शत्रू

आता वर पाहा. जाळीच्या डोक्यावर धुराडे लोंबते आहे आणि कोठून तरी ताजी हवाही आत येते आहे. ही व्यवस्था केवळ धुरासाठी नाही. शेगडीच्या तळाशी कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि ही झोपच घात करते. बिंचोतानला धूर नाही म्हणून तो निर्धोक, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात. कोळसा कोणताही असो, दारेखिडक्या उघड्या हव्यातच.

करून पाहा

हा प्रयोग उघड्या अंगणात आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करा. पेटलेल्या शेगडीच्या बाजूला, निखारे दिसतील अशा रीतीने सुरक्षित अंतरावर तळहात धरा. धग लागेल. आता मधे स्टीलचे ताट उभे धरायला सांगा. धग तत्काळ नाहीशी होते आणि ताट काढताच पुन्हा लागते. ही उष्णता तापलेल्या हवेने आणली असती, तर असे घडले असते का? आणि तेवढ्याच अंतरावर हात शेगडीच्या वर धरला, तर तो बाजूपेक्षा जास्त का पोळतो? उत्तर वर्गात सगळे मिळून शोधा.