चवदार तळ्याचं पाणी घटनेत कसं पोचलं?

संविधानाचं पुस्तक घरात असेल तर खाली काढा आणि कलम १५ उघडा. उद्देशिकेतले न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे भारदस्त शब्द वाचून आपण पुढे आलेलो असतो आणि इथे अचानक काय भेटतं? दुकानं. उपाहारगृहं. विहिरी. तळी. आंघोळीचे घाट. रस्ते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोभेल अशी ही यादी देशाच्या मूलभूत हक्कांमध्ये काय करतेय? एवढ्या मोठ्या देशाचा कारभार ठरवायला बसलेल्या माणसांनी तळ्याची उठाठेव का करावी?

उत्तर हवं असेल तर महाडला चला. महाबळेश्वरच्या डोंगरात उगवलेली सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते आणि रायगड किल्ल्याजवळच्या या जुन्या व्यापारी गावाला वळसा घालते. पावसाळ्यात इथे पाण्याला तोटा नाही, उलट नदीच बाजारपेठेत शिरते. पण डोंगरउतारावरून पाणी जसं येतं तसं निघूनही जातं, आणि उन्हाळ्यात महाड-पोलादपूरच्या वाड्या टँकरची वाट बघत बसतात. अशा मुलखात गावालगत झऱ्यांचं तळं असणं ही केवढी दौलत!

मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात या चवदार तळ्याचं वर्णन आहे. ते वाचताना समोर नकाशाच उभा राहतो. चार-पाच एकरांचं पाणी, पावसावर आणि झऱ्यांवर भरणारं. चारही बाजूंनी नगरपालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, मधूनच थोडी मुसलमानांची. कित्येक घरमालकांच्या तळ्याच्या काठाशी स्वतःच्या जमिनीच्या पट्ट्या आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. अस्पृश्यांचं घर मात्र आसपास एकही नाही. तळं निदान अडीचशे वर्षांचं. ते कुणी, कसं केलं याचा पुरावा नाही. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा. पुढे सगळा दावा त्यावरच फिरणार आहे.

गोष्ट सुरू होते ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात. सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांमध्ये, शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये अस्पृश्यांना मज्जाव नसावा. वरवर साधा वाटतो ना? पण बोल्यांनी प्रश्नच कसा बदलला ते बघा. शतकानुशतकं वाद चालला होता तो विटाळाचा: कोण शुद्ध, कोण अशुद्ध, शास्त्र काय म्हणतं. बोले शास्त्राच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी विचारलं, पैसा कुणाचा? खर्च जर सगळ्यांच्या करातून होत असेल, तर पाणी ठरावीक लोकांचंच कसं? सोवळ्याओवळ्याचा वाद त्यांनी उचलून थेट जमाखर्चाच्या वहीत नेऊन ठेवला.

महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. पाणी काही कुणी प्यायला गेलं नाही, कारण सवर्णांचा धाक कागदाला भीक घालत नव्हता. मग मार्च १९२७ मध्ये महाडात अस्पृश्यांची परिषद भरली. परिषदेपुरतं पिण्याचं पाणीसुद्धा पैसे मोजून घ्यावं लागलं. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीनं तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्याले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. मुसलमान शेजाऱ्यांच्या पाणी भरण्यानं जे तळं कधी बाटलं नव्हतं, ते हिंदूंच्याच ओंजळीनं बाटलं!

पुढे नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. तारीख कोणती? ४ ऑगस्ट १९२७. बोल्यांचा ठराव संमत झाला त्याला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. बहुमतानं दिलेला हक्क बहुमतानं काढून घेता येतो, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. परिषदेला जागा द्यायला सवर्ण जमीनमालक तयार होईनात. जागा दिली फत्तेखान या स्थानिक मुसलमान गृहस्थांनी. आणि परिषद तोंडावर आली असताना, १२ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. सवर्णांमधल्या काही जणांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना समस्त अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केलं होतं. म्हणणं असं की तळं खासगी आहे, आणि ते फक्त आम्हीच वापरावं ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. दोनच दिवसांत तूर्तातूर्त मनाई हुकूम निघाला.

आता विचार करा. हजारो माणसं गोळा झालीत, तुरुंगात जायला तयार म्हणून नावं नोंदवताहेत, तळं हाकेच्या अंतरावर आहे. पुढारी काय करेल? या पुढाऱ्यानं २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा मनाई हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला, मिरवणूक तळ्याला वळसा घालून शांतपणे परत नेली. एक पुस्तक झुगारायचं, एक हुकूम पाळायचा आणि दोन्ही एकाच परिषदेत! हे विसंगत वाटतं, पण तसं नाही. मनुस्मृतीविरुद्ध अपील कुठे करणार? कोर्टाच्या हुकुमाविरुद्ध मात्र लढता येत होतं. फेब्रुवारी १९२८ मध्ये ती तूर्तातूर्त मनाई उठलीही.

दावा मात्र चालूच राहिला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये वादींच्या विरुद्ध गेला. ते अपिलात ठाण्याला गेले, १९३३ मध्ये तिथेही हरले. मग मुंबई उच्च न्यायालय. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलाचा निकाल न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी दिला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

आणि निकाल काय? तुम्हाला वाटेल, न्यायमूर्ती कडाडले असतील की अस्पृश्यता अमानुष आहे, माणूस माणसासारखाच. असं काहीही नाही! त्यांनी एवढंच विचारलं की ही वहिवाट अनादी आहे याला पुरावा काय?

वहिवाटीचा कायदा मोठा गमतीचा आहे. एखादी रूढी कायद्यानं मान्य व्हायची तर ती प्राचीन, निश्चित, अखंड आणि वाजवी असावी लागते. प्राचीन म्हणजे किती? इंग्लंडच्या कायद्यानं तर अनादी काळाची तारीखच ठरवून टाकली आहे: ११८९, म्हणजे पहिला रिचर्ड राजा गादीवर आला ते साल. भारतातल्या कोर्टांनी इतका काटेकोर आग्रह धरला नाही, पण पुरावा तर हवाच. महाडच्या वादींकडे होता तो नगरपालिका आल्यानंतरच्या काळातला, म्हणजे १८६० च्या दशकापासून पुढचा. त्याआधी काय होतं? कोण पाणी भरत होतं? कुणाला हाकललं गेलं होतं का? काहीच ठाऊक नाही. शिवाय अस्पृश्य तळ्यावर जात नव्हते म्हणजे त्यांना न जाऊ देण्याचा हक्क दुसऱ्या कुणाला मिळाला होता, असं थोडंच आहे? पुराव्याचा भार वादींवर होता आणि तो त्यांना पेलला नाही. अपील खर्चासह फेटाळलं.

गडाचा महादरवाजा बंदच ठेवून दिंडीतून माणसाला आत घ्यावं, तसा हा निकाल. आत येता आलं, पण दरवाजा उघडला का? न्यायमूर्तींनी मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे की वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे पाहावं लागलं असतं, तळं नगरपालिकेकडे असण्याचा परिणामही तपासावा लागला असता. पण आता त्याची गरज उरलेली नाही.

म्हणजे, कल्पना करा, वादींच्या माळ्यावरच्या एखाद्या पेटीत अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद सापडला असता तर? अस्पृश्यांना या पाण्याला बंदी, असं त्यावर लिहिलेलं असतं तर? मग निकाल कुठे गेला असता, सांगता येत नाही. एवढ्या माणसांची तहान एका न सापडलेल्या कागदावर अवलंबून होती!

या दाव्यातले प्रतिवादी दहा वर्षांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधान एकट्यानं लिहिलेलं नाही, त्यावर सभागृहात शब्दाशब्दाला चर्चा झाली. पण उच्च न्यायालयानं मोकळी सोडलेली एकेक फट त्यात कशी बुजली ते बघाच.

फट पहिली: जुनी, पक्की सिद्ध झालेली वहिवाट निघाली तर? कलम १३ म्हणतं, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द. आणि कायद्यात काय काय धरायचं याच्या यादीत रूढी आणि वहिवाटही आहे. पेटीतला तो कागद सापडला तरी आता निरुपयोगी.

फट दुसरी: सरकार अडवत नाही, शेजारी अडवतो, त्याचं काय? कलम १५ चं पहिलं पोटकलम सरकारला बांधतं. दुसरं मात्र वेगळ्या वाटेनं जातं: केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कुठल्याही नागरिकावर दुकानं, विहिरी, तळी, घाट यांबाबत निर्बंध असणार नाही. अडवणारा कोण, हे विचारलेलंच नाही! अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर समतेची घटनादुरुस्ती झाली, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८८३ मध्ये ठरवलं की ती फक्त सरकारला लागू आहे, हॉटेलमालकाला नाही. तिथली हॉटेलं देशभर कायद्यानं खुली व्हायला १९६४ उजाडावं लागलं. आपल्याकडे ती तरतूद १९५० पासून आहे, तीही थेट संविधानात.

आणि त्या तळ्यांची अट काय? पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशानं राखलेली, किंवा सर्व जनतेसाठी दिलेली. ओळखीचं वाटतं ना? हाच बोल्यांचा १९२३ मधला प्रश्न: पैसा कुणाचा?

मूळ मसुद्यात घाट नव्हते. ते सभागृहात घातले गेले. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत विचारणा झाली, दुकान म्हणजे नक्की काय? बाबासाहेबांनी अर्थ केवढा ऐसपैस केला! जिथे कुणी आपली सेवा येईल त्याला द्यायला बसला आहे, ते दुकान. म्हणजे न्हावी आला, परीट आला, डॉक्टर आणि वकीलही आले. अस्पृश्यता नष्ट करणारं आजचं कलम १७ सुद्धा त्याच दिवशी संमत झालं.

फट तिसरी: पुरावा कुणी द्यायचा? १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानं हा भारही फिरवला. अनुसूचित जातीच्या माणसाला पाण्यावर अडवलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच अडवलं असं कोर्टानं गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे अडवणाऱ्यानं सिद्ध करायचं.

मग वाद मिटले? छे! १९५१ मध्ये ‘नरसू आप्पा माळी’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की धर्माधर्मांचे व्यक्तिगत कायदे कलम १३ च्या ‘कायद्यात’ येत नाहीत. त्यावर आजही खल चालू आहे. १९४९ च्या मुंबईच्या कायद्यानं जातीबाहेर आणि धर्माबाहेर टाकण्याला बंदी केली होती. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतानं तो कायदा रद्द झाला. कुणाला आत ठेवायचं हे ठरवणं हा पंथाचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क, असं बहुमत म्हणालं. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे राहिले. त्यांना त्या बहिष्कारात अस्पृश्यतेचीच छाया दिसली. हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. पंथाचं स्वातंत्र्य मोठं की त्या पंथातल्या एकट्या माणसाचं? इतके धर्म एकत्र नांदणाऱ्या देशाला यातून सुटका नाही.

आणि हे सगळं दिल्लीतच चालतं असं समजू नका. गावकीनं एखाद्या घराला वाळीत टाकण्याची प्रकरणं रायगड जिल्ह्यातून कितीतरी पुढे आली. राज्यानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू आहे. जात कुठलीही असो, धर्म कुठलाही असो, वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा तुमच्या गावात कुणाचं पाणी, कुणाची वाट, कुणाचं स्मशान तोडलं गेलं आणि ‘ही आमची पूर्वापार चाल आहे’ असं कुणी बजावलं, तर वाद घालत बसू नका. पूर्वापार चाल हा बचाव १९५० मध्येच संपला आहे. सरळ पोलीस ठाण्यात जा आणि तक्रार लिहून द्या.