कर्ज कंपनीला, जोखीम मजुराला

जागतिक बँकेचे कर्ज म्हटले की राजधानीत एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. राज्याचा प्रस्ताव, केंद्राची हमी, अर्थ मंत्रालयातील फायली, लेखापरीक्षकांचे ताशेरे आणि संसदेतील प्रश्नोत्तरे. याच बँकसमूहातील एक संस्था मात्र या साऱ्याला वळसा घालून थेट खासगी कंपन्यांना पैसा पुरवते. तिचे नाव आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, म्हणजेच आयएफसी. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाचा भारत संस्थापक सदस्य आहे. सरकारची हमी न घेता खासगी उद्योगात भांडवल घालायचे, हा त्याच्या सनदेचाच भाग. त्यामुळे सिंचनसामग्री, चहा, पामतेल अशा क्षेत्रांत विकासाच्या नावाने जाणारा हा सार्वजनिक पैसा सार्वजनिक चर्चेच्या कक्षेत क्वचितच येतो.

हा पैसा मुळातच वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. शेतीमालाशी निगडित उद्योगांचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर हेलकावत असते. दीर्घ मुदतीचे भांडवल त्यांना सहज मिळत नाही. जळगावच्या जैन इरिगेशनमध्येही महामंडळाने गुंतवणूक केली होती, आणि ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या कंपनीला असे पाठबळ मिळणे गैर नव्हे. प्रश्न उभा राहतो तो कंपनीचे हित आणि तिच्यावर पोट असलेल्यांचे हित एकमेकांपासून फारकत घेते तेव्हा. आसामातील चहामळ्यांचे प्रकरण या दृष्टीने पुनःपुन्हा अभ्यासण्याजोगे आहे.

टाटा टी कंपनीने ईशान्येकडील आपले मळे अमाल्गमेटेड प्लांटेशन्स या नव्या कंपनीकडे सोपवले. टाटा समूहाचा मोठा हिस्सा तिच्यात कायम राहिला. २००९ मध्ये महामंडळाने सुमारे ७८ लाख डॉलर घालून जवळपास एक पंचमांश भागभांडवल घेतले. सुमारे ३० हजार कायम रोजगार टिकवणे आणि कामगारांनाच भागधारक बनवणे, असा या योजनेचा उद्देश सांगितला गेला. ब्रिटिश काळात छोटानागपूर व आसपासच्या प्रदेशांतून मजुरीसाठी आणलेल्या आदिवासींचे वंशज मळ्याचे मालक होणार, ही कल्पना आकर्षक होती यात शंका नाही.

२०१३ मध्ये तीन स्थानिक संस्थांनी कामगारांच्या वतीने महामंडळाच्या तक्रार निवारण कार्यालयाकडे धाव घेतली. अपुरी मजुरी, मोडकळीस आलेली घरे, अस्वच्छता, कीटकनाशकांचा संपर्क आणि समभाग घेण्यासाठी आलेला दबाव, अशा तक्रारी होत्या. १९९९ पासून कार्यरत असलेल्या या स्वतंत्र कार्यालयाने चौकशी करून २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. गुंतवणुकीपूर्वीच्या छाननीत आणि नंतरच्या देखरेखीत महामंडळ कमी पडले, असा त्याचा निष्कर्ष होता.

या प्रकरणाचे मर्म मजुरीच्या रचनेत आहे. त्या वेळी लागू असलेल्या १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली होती. रोख मजुरी कमी का, असे विचारले की मळेवाले या सोयींकडे बोट दाखवत. म्हणजेच घराचे छप्पर गळते तेव्हा केवळ गैरसोय होत नाही, मजुरीतच कपात होते. बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराने ताळेबंदातील मजुरीचा आकडा पाहिला आणि कामगारांची वस्ती पाहिली नाही, तर त्याची छाननी कागदावर चोख आणि प्रत्यक्षात पोकळ ठरते.

ही उणीव आसामपुरती नाही. होंडुरासमधील दिनांत या पामतेल कंपनीला महामंडळाने २००८ मध्ये ३ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातील निम्मे २००९ मध्ये दिले गेले. जमिनीच्या वादातून तेथे रक्तपात झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणी अहवालाने महामंडळाच्याच छाननीवर बोट ठेवले. परंतु असे अहवाल बंधनकारक नसतात. दोष दाखवता येतो, भरपाईचा आदेश देता येत नाही.

मग न्यायालय? गुजरातेतील मुंद्रा येथील मच्छीमार आणि शेतकरी वीजप्रकल्पाच्या कर्जावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रकल्प वेगळा, कर्ज देणारे महामंडळ तेच. अशा संस्थांना संपूर्ण अभय नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने २०१९ मध्ये सात विरुद्ध एक मतांनी दिला. पुढे मात्र, दाव्याचा गाभा असलेली कृती अमेरिकेत घडलेली नाही या कारणाने खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणी नाकारली. दार उघडले, पण उंबरठा ओलांडता आला नाही.

अशा स्थितीत सर्वांत जवळचा मार्ग दिल्लीतूनच जातो. सदस्य देशाने हरकत घेतल्यास त्याच्या भूमीवरील उद्योगात महामंडळाला पैसा घालता येत नाही, अशी तरतूद सनदेतच आहे. भारताचा प्रतिनिधी बांगलादेश, भूतान व श्रीलंका यांच्याही वतीने संचालक मंडळात बसतो. म्हणजे नकाराधिकार आहे आणि आवाजही आहे. तो वापरायचा म्हणजे गुंतवणूक अडवायची, असा अर्थ नव्हे. ना-हरकत देताना श्रम आणि कृषी खात्यांचे मत घ्यावे, संबंधित राज्याकडून प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल मागवावा, आणि तक्रार निवारण कार्यालयाचा निष्कर्ष आल्यावर पुढे काय झाले ते संसदेपुढे ठेवावे, एवढेच अपेक्षित आहे.

सरकारी कर्जाच्या पै-पैचा हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेला हे अवघड नाही. खासगी कंपनीने घेतलेले कर्ज ती कंपनी फेडेल. त्याची काळजी धनकोने करावी. त्या कर्जाच्या पायी जो कामगार, शेतकरी वा मच्छीमार पणाला लागतो, त्याची काळजी मात्र वॉशिंग्टनवर सोपवून मोकळे होता येणार नाही. तो या देशाचा नागरिक आहे.